हाक गिळायची नाही

आमच्या सायकल ग्रुपमध्ये नवीन माणूस आला की त्याला हेल्मेट कसं बांधायचं ते नंतर शिकवतात, आधी हाक शिकवतात. पुढचा ओरडला ‘खड्डा’, की तुम्ही ओरडायचं ‘खड्डा’, मग तुमच्या मागच्याने, आणि अशी ती हाक शेवटच्या सायकलपर्यंत पोचवायची. ‘कुत्रं’, ‘खडी’, ‘मागून गाडी’, ‘स्लो’, आणि रस्ता ओलांडताना ‘क्लिअर’. मध्येच कोणी हाक सोडली तर त्याला आमच्यात ‘हाक गिळली’ म्हणतात, आणि गिळणाऱ्याकडून त्या दिवशी सगळ्यांना चहा. सुरुवातीला मी इतक्या हाका गिळल्या की चहावाला मला बघितल्यावर आपणहून मोठं पातेलं चढवायचा.

मला मुळात ओरडणं जमत नाही. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. सकाळी लोकांचं रक्त घ्यायचं, नळीवर चिठ्ठी चिकटवायची, मशीनला लावायचं. दिवसभरात माझा आवाज ‘मूठ आवळा’ आणि ‘सोडा’ याच्यापलीकडे जात नाही. नवऱ्याचं बरोबर उलट. तो अंबडला एका कारखान्यात सुपरवायझर आहे. मशीनच्या वर आवाज काढून काढून त्याचा गळा असा तयार झालाय की त्याने जेवताना मीठ मागितलं तरी शेजारच्या फ्लॅटमध्ये कळतं. ग्रुप सुरू झाला तेव्हा सगळ्यात पुढे कोण राहणार याची चर्चासुद्धा झाली नाही. लोक त्याला कॅप्टन म्हणायला लागले आणि तो लगेच कॅप्टनसारखा चालायलाही लागला. घरात भाजी आणायला सांगितलं की मात्र कॅप्टनचे पाय दुखायचे.

चिडून लिहितेय असं वाटेल, पण मला तो ग्रुप आवडायचा. रविवारी पहाटे कॉलनीच्या गेटपाशी उभं राहायचं, एकेक दिवा लुकलुकत यायचा, कोणी जांभया देतंय, कोणी टायर दाबून बघतंय. गंगापूर धरणाच्या बाजूला गेलं की शहराचा वास मागे पडायचा. आठवडाभर दुसऱ्यांच्या शिरा शोधणाऱ्या बाईला सकाळच्या त्या दोन-तीन तासांत आपलं शरीर आपलं आहे असं वाटायचं. आणि खरं सांगायचं तर एका सुरात मागे मागे जाणारी ती हाक ऐकायलाही छान वाटायची. रस्त्याकडेची माणसं थांबून बघायची.

मुलगी नंतर आली. ती फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला होती, आणि रविवारी दहाच्या आत उठणं तिला अन्याय वाटायचं. बापाने कसलं आमिष दाखवलं माहीत नाही, पण एकदा आली आणि मग एकही रविवार तिने सोडला नाही. तिचा आवाज बापाचाच. लहानपणी ती रडायला लागली की खालच्या मजल्यावरच्या काकू वर यायच्या. ती आमच्यात सगळ्यात जोरात सायकल मारणारी, तरीही ती मागे राहायची, शेवटून दुसरी. कारण शेवटी काका असायचे.

काका म्हणजे एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. निम्मी नोकरी सटाण्याच्या गाडीवर काढलेली. त्यांची सायकल काळी, जड, जुन्या घाटाची, आणि तिला गिअर बसवा म्हटलं की ते दुखावल्यासारखं बघायचे. ग्रुपच्या शेवटच्या माणसाने केशरी जाकीट घालायचं, म्हणजे मागून येणाऱ्या गाड्यांना लांबून दिसतं. ते जाकीट काका इतक्या हौसेने घालायचे की जसा काही पुन्हा युनिफॉर्म मिळाला. मुलीला ते एसटीतले किस्से सांगायचे आणि ती मागे हसत हसत यायची. “माझ्या डबल बेलवर ड्रायव्हर मागं न बघता गाडी काढायचा,” हे त्यांचं लाडकं वाक्य. “इस्वास लागतो पोरी, इस्वास.”

माझ्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली ती शहरातल्या द्वारकेच्या चौकात. हेल्मेट घाला असं लोकांना सांगणारी फेरी होती, सगळ्यांच्या पाठीवर फलक. द्वारकेचा चौक म्हणजे चारही बाजूंनी ट्रक, बस, रिक्षा, आणि प्रत्येकाला दुसऱ्याच्या आधी जायचं असतं. माझी चेन पडली म्हणून मी त्या दिवशी अगदी मागे राहिले होते. पुढून नवऱ्याचा आवाज आला, “क्लिअर!” मग एकामागून एक तोच शब्द माझ्यापर्यंत आला आणि मी पायडल मारलं. मी चौकात शिरले तेव्हा उजवीकडून एक बस माझ्या अंगावर येत होती. ड्रायव्हरने ब्रेक दाबला. तो काचेतून माझ्याकडे बघत होता, शिवीही दिली नाही त्याने, नुसता बघत होता. माझ्या पाठीवर ‘जीव मोलाचा आहे’ असा फलक होता.

त्या दिवशी चहा पिताना सगळे माझी टर उडवत होते, मीही हसले. पण लॅबमध्ये दुसऱ्या दिवशी काम करताना ते डोक्यातून जाईना. आम्ही रक्त सकाळी घेतो, रिपोर्ट दुपारी देतो. रिपोर्टवर आकडा बरोबर असतो, पण तो सकाळच्या माणसाचा असतो. दुपारपर्यंत त्याच्या शरीरात काय झालं ते त्या कागदाला माहीत नसतं. नवरा ‘क्लिअर’ म्हणतो तेव्हा त्याच्यापुढचा रस्ता खरोखरच मोकळा असतो. पण तो शब्द इतक्या तोंडांतून मागे येईपर्यंत रस्ता कुठे तसाच थांबलेला असतो? आणि पुढून हाक आली की मागचा माणूस मान वळवून बघत नाही. मीच बघितलं नव्हतं.

रात्री जेवताना मी विषय काढला.

“अहो, तुम्ही क्लिअर म्हणता ते तुमच्यापुरतं असतं. शेवटच्या माणसापर्यंत ते शिळं होऊन जातं.”

“म्हणून तर पटापट पास करायचं,” तो म्हणाला. “कोणी गिळलं नाही तर उशीर कशाला होईल?”

“पण प्रत्येकाने आपलं आपण बघितलं तर काय बिघडलं?”

“अगं, मग घोळका फुटतो. निम्मे इकडे, निम्मे तिकडे. ते जास्त धोक्याचं.”

“शेवटी आपली पोरगी असते, कळतंय का तुम्हाला?”

त्याने ताटातून मान वर केली. “म्हणूनच तर मी पुढे असतो,” तो म्हणाला. आणि ते त्याने अगदी मनापासून म्हटलं. मुलगी मोबाइलमध्ये बघत हसली, “आई, तू ना, उगाच टेन्शन घेतेस.”

त्यानंतर रविवारची मजा माझ्यासाठी गेली. मी रांगेच्या मधोमध असायचे. चौक आला, हाक आली, की मी ती मागे द्यायचे, ओलांडायचे, आणि पलीकडे जाऊन मान मोडेपर्यंत मागे बघत राहायचे. केशरी जाकीट दिसलं, त्याच्या पुढे तिचं पिवळं हेल्मेट दिसलं, की मग श्वास सुटायचा. मध्ये मध्ये काहीतरी व्हायचंच. कधी एखादा दुधवाला तिच्या आणि काकांच्या मधून सुसाट जायचा, कधी रिक्षा करकचून थांबायची. कोणाला काही व्हायचं नाही. थोड्या वेळाने चहाच्या टपरीवर त्याचा विनोद झालेला असायचा. तो रिक्षावाला कसा गडबडला, काकांनी त्याला कसा हात दाखवला, हे रंगवून सांगितलं जायचं, आणि सगळ्यात मोठ्याने माझी मुलगी हसायची. प्रत्येक वेळी काही न होता सुटलं की लोकांचा हाकेवरचा विश्वास वाढायचा आणि माझा कमी व्हायचा.

मग सायकली वाटण्याचा कार्यक्रम ठरला. पेठच्या बाजूला एका पाड्यावरच्या मुली शाळेसाठी लांब चालत जातात असं कोणीतरी सांगितलं होतं. आम्ही सोसायट्यांमधून धूळ खात पडलेल्या सायकली गोळा केल्या. काका आणि मुलगी आमच्या पार्किंगमध्ये बसून त्या दुरुस्त करायचे. ती टायरला ठिगळ लावायची, काका ब्रेक ओढून बघायचे. “ब्रेक आधी, रंग नंतर,” असं ते तिला दहादा सांगायचे. सायकली टेम्पोत घालून पुढे पाठवल्या आणि आम्ही आमच्या सायकलींनी निघालो.

कार्यक्रम छानच झाला. मुली आधी लाजल्या, मग शाळेच्या पटांगणात अशा सुटल्या की शिक्षकांना आवरेनात. एक मुलगी पुन्हा पुन्हा येऊन काकांच्या समोर ब्रेक लावून दाखवत होती. काकांनी डोळे पुसले आणि धूळ गेली म्हणाले.

परत येताना पेठ रस्त्याला एका टपरीवर आम्ही चहाला थांबलो. तिथून रस्ता ओलांडला की समोर गिरणाऱ्याकडे जाणारा लहान रस्ता लागतो. तो शांत असतो म्हणून आम्ही नेहमी तोच धरायचो. पण टपरीच्या वरच्या अंगाला पेठ रस्त्याला वळण आहे, आणि उतार. गुजरातकडून येणाऱ्या गाड्या त्या वळणावरून एकदम समोर येतात. चहा पिताना मी त्या वळणाकडेच बघत होते. दोन ट्रक आले, मग बराच वेळ काही नाही. सगळे खुशीत होते. नवऱ्याने हात वर केला, रस्त्याच्या कडेला गेला, दोन्हीकडे नीट बघितलं, आणि त्याचा तो आवाज निघाला, “क्लिअर!”

हाक माझ्यापर्यंत आली. मी ती मागे दिली आणि ओलांडून गेले. मागे मुलीचा आवाज ऐकला, खणखणीत, “काका, क्लिअर!” मी वळून बघितलं तेव्हा तिचं पिवळं हेल्मेट रस्त्याच्या या कडेला पोचत होतं. तेवढ्यात हॉर्न वाजला आणि लगेच धाडकन आवाज झाला.

भाजीचा माल गुजरातला टाकून परत येणारी पिकअप होती. रिकाम्या प्लॅस्टिकच्या क्रेट रस्ताभर उडाल्या होत्या. काका त्यांच्या सायकलपासून लांब पडले होते, केशरी जाकीट वर सरकून तोंडावर आलं होतं. मी धावले. पण काकांकडे धावण्याआधी मी मुलीला दंडाला धरून चाचपून बघितलं, ती अख्खी आहे ना. ती मला ढकलत होती, “आई, सोड, काका, काका!” मला एका क्षणापुरतं फक्त बरं वाटलं होतं.

पिकअपचा ड्रायव्हर पळाला नाही. तरुण पोरगा होता, डोक्याला हात लावून उभा होता. “मी हॉर्न दिला,” एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत होता. “बाबा बघतच नव्हता ओ, सरळ आला. मी हॉर्न दिला.” आमच्यातल्या दोघांनी त्याची कॉलर धरली.

काका वाचले. खुबा मोडला होता, ऑपरेशन करून आत सळई घातली. डॉक्टर म्हणाले, काठीने चालतील, सायकल विसरा. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात आमचा अख्खा ग्रुप सायकलच्या कपड्यांतच उभा होता. पिकअपवाला भरधाव होता यावर सगळ्यांचं एकमत झालं. मग कोणीतरी म्हणालं, “काकांना हाक ऐकूच गेली नसेल. वय झालं आता.” सगळ्यांनी माना डोलावल्या. माझी मुलगी भिंतीला टेकून खाली बसली होती. तिने ते ऐकलं आणि तिचा चेहराच बदलला.

“आई, मी हळू बोलले का गं?” रात्री तिने विचारलं. दुसऱ्या दिवशी विचारलं. कॉलेजमधून आल्यावर चप्पल काढता काढता विचारलं. “मी पुढे बघत म्हणाले बहुतेक. मागे वळून म्हणायला पाहिजे होतं. त्यांना ऐकूच गेलं नसेल.”

मी म्हणायचे, तुझी काही चूक नाही. ती ऐकून घ्यायची आणि पुन्हा तेच विचारायची.

काका घरी आल्यावर मी त्यांना भेटायला एकटीच गेले, लॅबमधून परस्पर. त्यांच्या कॉलनीतल्या घरात पुढच्याच खोलीत पलंग लावला होता, वर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, खाली औषधांच्या पिशव्या. काकूंनी चहा टाकला. मी इकडचं तिकडचं बोलले आणि मग मला राहवेना.

“काका, सगळे म्हणतात तुम्हाला हाक ऐकू आली नाही.”

काकांना रागच आला. “कोन म्हनतं? माझे कान शाबूत हायेत, मॅडम. पोरीचा आवाज कसा खणखणीत आला. ‘काका, क्लिअर.’ आला म्हनून तर निघालो ना! इकडं नाय बघितलं, तिकडं नाय बघितलं. हॉर्नबी ऐकला. वाटलं, आपल्याला कशाला असंल, पोरीनं तर सांगितलंय.”

ते बोलून गेले आणि मग त्यांच्याच लक्षात आलं आपण काय बोललो. काकू स्वयंपाकघराच्या दारात कप घेऊन उभ्या राहिल्या होत्या. काकांनी माझं मनगट धरलं.

“हे पोरीला नका सांगू. तुम्हाला माझी शप्पत हाय. लय जिवाला लावून घील. नाय ऐकलं म्हना. म्हाताऱ्याचे कान गेले म्हना. माझं काय जातं?”

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार? मला तर त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पण जिना उतरताना एक गोष्ट लक्षात आली. खरं काय झालं ते आता आम्हा तिघांनाच माहीत होतं, आणि जिला ते कळायला हवं होतं तिच्यापासूनच ते लपवायचं होतं.

पुढच्या रविवारी सायकली काढल्या नाहीत, बैठक घेतली. मी आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत उभी राहून बोलले. म्हटलं, खड्डा सांगा, कुत्रं सांगा, पण क्लिअर म्हणणं बंद करा. ज्याने त्याने थांबावं, बघावं, जावं. कोणी हसलं नाही, काकांमुळे सगळे गंभीर होते. पण ग्रुपचे सेक्रेटरी समजावणीच्या सुरात म्हणाले, “मॅडम, मग ग्रुप कशाला? आपला प्रॉब्लेम हाक देण्याचा नाहीये, ती शेवटपर्यंत न पोचण्याचा आहे.” आणि त्यांनी पिशवीतून शिट्ट्या काढल्या. केशरी दोरीच्या, प्रत्येकाला एक. एक शिट्टी म्हणजे थांबा. दोन शिट्ट्या म्हणजे क्लिअर, काकांच्या डबल बेलची आठवण म्हणून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काही जणांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्या नवऱ्याने सगळ्यात आधी शिट्टी गळ्यात घातली.

माझ्या जिभेच्या टोकावर होतं, की काकांनी ऐकलं होतं. ऐकलं म्हणूनच ते तिथे पडले. एवढं एक वाक्य बोलले असते तर त्या शिट्ट्या परत पिशवीत गेल्या असत्या. पण मुलगी समोरच्याच खुर्चीवर बसली होती. तिने शिट्टी दोन्ही हातांत धरली होती, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या तोंडावर जरा उजेड आला होता. मी खाली बसले.

घरी आल्यावर ती म्हणाली, “आई, आता कोणाला ऐकू आलं नाही असं होणारच नाही. मी शिट्टीही मारणार आणि ओरडणार पण. मागे वळून, तोंडाकडे बघून.” मी कणीक मळत होते. कणीक तिंबून झाली होती तरी मी मळत राहिले.

नवऱ्याला मी सांगून बघितलं, काकांचं नाव न घेता, तेच तेच शब्द फिरवून. तो हल्ली झोपेत दचकायचा. अपघाताबद्दल बोलायचा नाही. “पुढच्या वेळी मी जास्त वेळ बघेन,” एवढंच म्हणाला. मला त्याची दया आली आणि संतापही आला. पुढे राहून कितीही वेळ बघितलं तरी शेवटच्या माणसाच्या वेळचं कसं दिसणार?

शेवटचं केशरी जाकीट कोण घालणार हा प्रश्न निघाला तेव्हा मी हात वर केला. सगळ्यांना आश्चर्य वाटलं. नवरा म्हणाला, तू हळू चालवतेस म्हणून बरंच आहे. माझा हिशोब साधा होता. तिच्या मागे कोणी राहणार नाही, फक्त मी. ती जिला हाक देईल ती मीच असेन, आणि मी काही तिच्या हाकेवर निघणार नव्हते. तिला वाचवायचा दुसरा उपाय मला सुचला नाही. ती स्वतः दुसऱ्यांच्या हाकेवर निघते, त्याचं काय करायचं हे मला माहीत नव्हतं, आणि तो विचार मी दाबून टाकला.

जाकीट धुतलेलं होतं. तरी पाठीशी एका जागी ते कडक राहिलं होतं.

बैठकीनंतरच्या रविवारी आम्ही पुन्हा पेठ रस्त्याने गेलो. मुद्दाम, काकांसाठी, असं सगळे म्हणत होते. येताना त्याच टपरीवर थांबलो. चहावाल्याने काकांची चौकशी केली आणि पैसे घेतले नाहीत. ऊन वर आलं होतं, हवा अगदी गप्प. सायकली रांगेला लागल्या. नवरा रस्त्याच्या कडेला गेला आणि खरंच खूप वेळ बघत उभा राहिला, इतका की मधले लोक चुळबुळ करायला लागले. मग दोन शिट्ट्या वाजल्या आणि हाक आली. शिट्ट्या, हाक, शिट्ट्या, हाक, पुढून मागे येत राहिलं. सायकली एकेक करून पलीकडे जायला लागल्या.

मुलीला हाक मिळाली. ती निघाली. मी तिच्यासाठी वळणाकडे बघत होते, तिने बघितलं नाही. ती पलीकडे पोचली. ठरवल्याप्रमाणे थांबली, पाय टेकवला, सबंध मागे वळली, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि शिट्टी वाजवली. दोनदा.

“आई, क्लिअर!”

मी पाय टेकवून उभी होते.

“आई, क्लिअर आहे, ये!” तिने हात हलवला. तिला वाटलं मला ऐकू आलं नाही. ती आणखी मोठ्याने ओरडली, मान पुढे काढून, सगळा जीव एकवटून. “ये ना आई! ये!” पुढचे लोक थांबून मागे बघायला लागले. ती माझ्याकडेच बघत होती, एकटक, माझ्या डोळ्यांत. वळणावर टँकर आला होता. तो मला दिसत होता, तिला दिसत नव्हता, कारण तिने ठरवलं होतं की या वेळी नजर माझ्यावरून काढायची नाही. तिचा हात मला बोलावत होता. तो हात बघून माझा पाय पायडलवर गेला, हे मी कोणाला सांगितलेलं नाही. आईचा पाय जातोच. मी तो परत खाली टेकवला.

टँकर आमच्या दोघींच्या मधून गेला. हॉर्न देत, उतारावर न थांबता, अख्खा लांबच्या लांब. त्याच्या वाऱ्याने माझं जाकीट फडफडलं. तो जाईपर्यंत मला पलीकडचं काही दिसत नव्हतं. तिलाही मी दिसत नसणार.

टँकर गेला. ती तशीच उभी होती, हात वर, तोंड अर्धवट उघडं. मी आहे हे तिला दिसलं तरी तिचा हात खाली आला नाही. मग तिने सायकल आडवी टाकली. रस्त्याच्या कडेला येऊन तिने उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, पुन्हा उजवीकडे, पुन्हा डावीकडे. रस्ता पूर्ण मोकळा होता तरी ती निघेना. बापाने पलीकडून हाक मारली, तिने लक्ष दिलं नाही. शेवटी ती चालत आली, एकेक पाऊल टाकत, आणि माझ्यासमोर उभी राहिली. तिने माझ्या जाकिटाला हात लावला.

“आई,” ती म्हणाली, आणि तिचा तो बापाचा आवाज कुठल्या कुठे गेला होता. “काकांना ऐकू आलं होतं ना?”

मी काकांना शब्द दिला होता. मी रस्त्याकडे बघितलं, मग तिच्याकडे.

“हो,” मी म्हणाले.